पाणी कुणाला किती? सोलापुरातल्या एका सोसायटीचं प्रकरण

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून एथिक्सचा वेगळा पेपर आहे, २५० मार्कांचा, आणि तो शिकवताना मला एक गोष्ट सतत खटकते. मुलं थिअऱ्या पाठ करून येतात. बेंथम म्हणजे जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, कांट म्हणजे कर्तव्य, रॉल्स म्हणजे अज्ञानाचा पडदा, आणि मग केस समोर आली की यातली एक उचलायची आणि उत्तराला जोडून द्यायची, झालं. खाली दिलेलं प्रकरण मी वर्गात बऱ्याचदा चर्चेला घेतलंय, कारण यात माणसं थिअरीचं नाव न घेता थिअरीच बोलत होती, आणि प्रत्येक थिअरीने त्यांना कुणी ना कुणी राहून गेलेलं माणूस दाखवलं. घरांचे नंबर, नाती, काही बारीक तपशील बदललेत, आणि ज्यांचं आहे त्यांना विचारूनच लिहितेय.

पार्श्वभूमी

जुळे सोलापूरच्या बाजूची एक सोसायटी. चार मजले, ३२ फ्लॅट, त्यातल्या ९ घरांत भाडेकरू. एकूण माणसं १२८. खाली ४० हजार लिटरचा हौद, वर टाक्या, आणि एक बोअर.

साल २०२४. २०२३ चा पाऊस कमी झाला होता, सोलापूरला पाणी देणारं उजनी धरण पूर्ण भरलंच नव्हतं, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण मायनस ५० टक्क्यांच्याही खाली गेलं. बाहेरच्यांना हे मायनस प्रकरण कळत नाही म्हणून सांगते. उजनीत एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे कालव्याला सोडता येत नाही असं तळाचं पाणी. वापरायचं पाणी संपलं की आकडा शून्याखाली जातो आणि मग पिण्यासाठी त्या मृतसाठ्यातूनच उपसावं लागतं. सोलापुरात तेव्हा चार-पाच दिवसाआड पाणी हे नेहमीचंच, त्याची कुणी तक्रार पण करायचं नाही, घराघरात ड्रम आणि सिंटेक्स असतातच. पण त्या वर्षी पाणी यायचं ते पण कमी प्रेशरने, बोअर होळीनंतर आटली, आणि हौद भरायचाच नाही.

एप्रिलमधला हिशोब असा होता. पाच दिवसाला साधारण ३० हजार लिटर, म्हणजे दिवसाला ६ हजार. १२८ माणसांना वाटलं तर माणशी ४७ लिटर. शहरासाठी सरकारी निकष माणशी १३५ लिटरचा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटना रोजच्या गरजेसाठी ५० ते १०० लिटर धरते. म्हणजे अगदी काटेकोर सारखं वाटूनसुद्धा कुणालाच पुरेसं मिळणार नव्हतं, ही गोष्ट डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

नेमकी अडचण

तोपर्यंतची पद्धत म्हणजे वॉचमन सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास व्हॉल्व्ह सोडायचा आणि ज्याला जेवढं भरून घेता येईल तेवढं त्याचं. खालच्या मजल्यांना धार जोरात, चौथ्या मजल्याला करंगळीएवढी. ज्यांच्या बाथरूमवर जादा टाकी त्यांची ती पण भरायची. भांडणं सुरू झाली ती इथून.

चार घरं लक्षात ठेवा. पहिल्या मजल्यावर तिघांचं मालकाचं घर, माळ्यावर हजार लिटरची जादा टाकी. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एक वहिनी, नवरा वारलेला, कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा, मदतीला दोघी बाया यायच्या. तिसऱ्या मजल्यावर सात जणांचं घर, त्यातले आजोबा अर्धांगवायूने अंथरुणावर, रोज चादरी-कपडे धुवायला लागायचे. आणि तळमजल्यावर एक रिटायर्ड शिक्षिका, मंगळवेढ्याकडच्या, सगळे त्यांना बाई म्हणतात.

सेक्रेटरी काका पण रिटायर्ड, सरळ माणूस. त्यांची मुलगी माझ्याकडे क्लासला यायची, त्यामुळे हे माझ्यापर्यंत आलं, आणि दुसऱ्या मिटिंगला त्यांनी मला बोलावलं पण.

पहिली मिटिंग आणि पर्याय

पहिल्या मिटिंगमध्ये फक्त मालकांना बोलावलं होतं. भाडेकरू मेंबर नाहीत, मतदान नाही, मग कशाला, असा साधा विचार. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण तिथे जे पर्याय आले ते बघा.

पहिला, घरटी सारखं वाटा. मेंटेनन्स सारखा भरतो तर पाणी सारखं. ऐकायला एकदम न्याय्य. हिशोब केला तर घरटी १८७ लिटर, म्हणजे दोघांच्या घरात माणशी ९४ आणि सातांच्या घरात माणशी २७.

दुसरा, माणशी वाटा. यावर लगेच आक्षेप की माणसं मोजणार कोण, लोक खोटं सांगतील, गावाकडचे पाहुणे मोजतील.

तिसरा, आधी मालक, उरलं तर भाडेकरू. हा उघडपणे एकानेच मांडला, पण माना बऱ्याच हलल्या.

चौथा, ज्याला जास्त पाहिजे त्याने टँकर विकत घ्यावा. आणि त्याच्याच पोटात आणखी एक, भाकरीचा धंदा बंद करा, रोजचं पीठ मळणं, भांडी, ओटे धुणं, एवढं पाणी एकटीच्या धंद्याला का.

या शेवटच्या मुद्द्यावर मतं घेतली तर १९ विरुद्ध ४ अशी आली आणि तिथे एकजण म्हणाले की बघा, जास्तीत जास्त लोकांचं हित यातच आहे. इथे मला वर्गात नेहमी थांबावं लागतं, कारण मुलं पण हेच म्हणतात, की हा उपयुक्ततावाद, म्हणजे बेंथमची थिअरी, झाला. नाही झाला. हात वर करून मोजणं म्हणजे उपयुक्ततावाद नाही. बेंथमच्या नावावर जो नियम सांगतात तो असा, की प्रत्येकजण एक म्हणून मोजला जाईल, कुणीही एकापेक्षा जास्त नाही. त्या खोलीत २३ मालक घरं होती आणि ९ भाडेकरू घरं शून्य म्हणून मोजली गेली होती. दुसरं म्हणजे मतं मोजायची नसतात, सुखदुःख मोजायचं असतं, आणि पाण्याचा पहिला ४० लिटर आणि शेवटचा ४० लिटर यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात स्वयंपाक, पिणं, संडास. शेवटच्यात कदाचित गाडी. वहिनींच्या पिठाचं पाणी बंद केलं तर बाकीच्यांच्या वाट्याला माणशी एखादा तांब्या जादा आला असता आणि त्या बदल्यात तीन बायांची रोजची कमाई गेली असती. बेंथम असते तर त्यांनी हा ठराव हाणून पाडला असता असं मला ठाम वाटतं.

आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट, त्या मिटिंगमध्ये पार्किंगमध्ये गाड्या धुण्याचा विषयच निघाला नाही. पीठ मळण्याचा निघाला. कुणाचा वापर आपल्या डोळ्याला खुपतो आणि कुणाचा दिसत पण नाही, हे आपण कुणाच्या जागी बसलोय त्यावर ठरतं.

काकांनी ठराव लिहून घेतला, पण सही केली नाही. म्हणाले, आठ दिवस द्या. त्यांच्याकडे तेव्हा कसली थिअरी नव्हती, फक्त बरं वाटत नव्हतं. पहिला निर्णायक टप्पा मी हाच धरते. बहुमत हातात असताना थांबायचं की पुढे जायचं.

थांबण्याला त्यांच्याकडे एक व्यवहारी कारण पण होतं. मुलीने त्यांना सांगितलं की भाडेकरूंचं पाणी तोडणं कायद्यात बसणार नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये अत्यावश्यक सेवा तोडायला मालकाला मनाई आहे. पण काका मला नंतर म्हणाले की कायद्याचं नंतर कळालं, आधी मला त्या वहिनींना जिन्यात तोंड कसं दाखवायचं हेच सुचत नव्हतं. अॅरिस्टॉटलच्या नीतीत हाच प्रश्न मुळाशी आहे. नियम काय सांगतो यापेक्षा हे केल्यावर मी कसला माणूस होतो.

दुसरी मिटिंग, चिठ्ठ्या

दुसऱ्या मिटिंगला भाडेकरूंना पण बोलावलं. दोघं मालक उठून गेले, बाकी बसले. पार्किंगमध्ये, रात्री नऊला, उकाड्यात, कारण हॉलला पंखा असला तरी लाइट नव्हती.

सुरुवात वाईट झाली. एक मालक म्हणाले, आम्ही फ्लॅट विकत घेतलाय, पाणी आमचं. त्यावर चौथ्या मजल्यावरचा एक भाडेकरू मुलगा, इंजिनिअरिंगचा, उभा राहिला आणि म्हणाला, "काका, फ्लॅट तुमचा, पण पाणी पब्लिक लाइनचं आहे. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते याच प्रश्नासाठी, सार्वजनिक पाणी कुणाच्या मालकीचं." मंडळी एकदम शांत. आता महाडचा अन्याय आणि भाडेकरूचा प्रश्न एका मापाचे नाहीतच, त्या मुलाने पण तसं म्हटलं नाही, पण त्याने मूळ मुद्दा बरोबर पकडला होता. हक्काची भाषा हेच करते. सोय, बहुमत, मेंटेनन्स, सगळं बाजूला ठेवून ती विचारते की हे मुळात कुणी कुणाला द्यायची गोष्ट आहे का? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये पाणी हा मानवी हक्क म्हणून मान्य केला तो याच अर्थाने.

पण हक्क मान्य केला तरी ६ हजार लिटरचे ८ हजार होत नाहीत. वाटायचं कसं हा प्रश्न तिथेच.

तेव्हा काकांच्या मुलीने एक गोष्ट केली. तिने घरी ३२ चिठ्ठ्या करून आणल्या होत्या, प्रत्येकीवर एका घराची माहिती, फ्लॅट नंबर नाही, फक्त अमुक मजला, इतकी माणसं, घरी लहान बाळ आहे की नाही, कुणी आजारी आहे का. स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि म्हणाली, आधी नियम ठरवा, मग प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, आणि हा उन्हाळा आपण त्या घरात राहतोय असं धरायचं. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये मांडलेली कल्पना आहे ही, आपण समाजात कोण म्हणून जन्मणार हे माहीत नसताना नियम ठरवायचे, हाच तो अज्ञानाचा पडदा, ती तिने जशीच्या तशी पार्किंगमध्ये आणली.

मी बसले होते, त्यामुळे डोळ्याने बघितलं. ज्यांनी मालक-आधी असं मांडलं होतं ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हातारं माणूस असलेलं घर आलं तर काय करायचं?" तेवढा एक प्रश्न विचारला गेला आणि तिथून चर्चेचा रोख बदलला. आधी प्रत्येकजण स्वतःचा वाटा वाढवायला बघत होता, आता सगळे तळाला किती हे विचारायला लागले. अर्ध्या तासात नियम आला. प्रत्येक माणसाला रोज ४० लिटर, मालक असो भाडेकरू असो, पोरगं असो म्हातारं असो. त्याचे होतात ५,१२० लिटर. उरलेले ८८० लिटर शिलकीत, आजारपण आणि अडीअडचणीसाठी. जादा टाक्यांचे कॉक बंद. गाड्या ओल्या फडक्याने पुसायच्या.

चिठ्ठ्या शेवटी उचलल्याच नाहीत, गरज पडली नाही.

माणशी खोटं सांगतील ही भीती होती, त्यावर बाई म्हणाल्या की रेशन कार्ड मागू नका, ज्याने त्याने कागदावर लिहून जिन्यात लावा, शेजाऱ्याला माहीतच असतं. तसंच केलं. सुट्टीला माहेरी आलेल्या मुली आणि नातवंडं मोजायची का यावर मात्र चांगलीच खडाजंगी झाली, शेवटी मोजायची असं ठरलं, कारण मे महिन्यात लेकीला येऊ नको म्हणायचं कसं.

आजोबांचं घर

नियम झाला तरी एक राहिलं होतं. आजारपणाच्या शिलकीतून पाणी पाहिजे असेल तर मागायचं, असं ठरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई मागायलाच आल्या नाहीत. का, ते उघड आहे. सासरे अंथरुणात सगळं करतात हे ३१ घरांपुढे सांगायचं कसं? नियम समान होता, दार सगळ्यांना उघडं होतं, आणि तरी ज्या घराला सगळ्यात जास्त गरज ते घर बाहेरच राहिलं.

मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये हाच मुद्दा पुढे आणला, की न्याय आणि हक्क यांच्या भाषेत जे नैतिक प्रश्न बसत नाहीत ते नात्यांच्या आणि काळजीच्या भाषेत दिसतात. नियम करणारे बहुतेक पुरुष होते, चादरी धुणारी बाई होती. काकांच्या बायकोच्या हे लक्षात आलं. काकूंनी मिटिंगची वाट बघितली नाही, दुपारी वर जाऊन बसल्या, चहा घेतला, विचारलं. सूनबाई म्हणाल्या, "काकू, रात्री दोनला धुवून टाकते मी, सकाळी लाइनला प्रेशर नसतंय." त्या दिवसापासून त्या घराला रोज ६० लिटर जादा, आणि यादीत नाव न लिहिता फक्त "आजारपण, एक घर" एवढंच. पुढे अजून एक घर निघालं, डायलिसिसवाल्या एका काकांचं, ते पण असंच विचारायला गेल्यावर कळालं.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं काम हे झालं. आणि ते कुठल्याही ठरावात नाही.

मोटर

आता जो भाग मी मुलांना सगळ्यात शेवटी सांगते तो.

सोसायटीचं पाणी ३० हजार लिटर यायचं ते कसं? सप्लाय सुरू झाला की कमिटी पाच मिनिटांत मोटर थेट मेन लाइनला लावायची. गल्लीतल्या सहाही बिल्डिंगी लावायच्या. नियमाने बंदी आहे, महापालिकेची पथकं उन्हाळ्यात मोटारी जप्त करतात हे सगळ्यांना माहिती, तरी सगळे लावतात. आणि ही गोष्ट दोन्ही मिटिंगमध्ये कुणी काढलीच नव्हती. ज्या पाण्याच्या समान वाटणीवर आपण रात्री अकरापर्यंत बोललो ते आलं कसं, हे कुणी विचारलं नाही.

विचारलं धुण्याभांड्याच्या मावशींनी. त्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या घरांची वस्ती आहे तिथे राहतात, सोसायटीत चार घरी कामाला. जिन्यात लावलेली ती माणशी ४० लिटरची यादी त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि काकूंना म्हणाल्या, "लई चांगलं केलासा ताई. पण तुमची मोटर चालू झाली की आमच्या नळाला नुसती हवा यायलीय बघा."

चिठ्ठ्यांच्या डब्यात ३२ घरं होती. मावशींच्या वस्तीची चिठ्ठी त्यात नव्हती. रॉल्सच्या पद्धतीतली ही ठसठसती जागा आहे आणि ती पुस्तकात वाचून एवढी कळत नाही, पडद्यामागे कुणाला बसवायचं हे पडदा ठरवत नाही, ते आपण आधीच ठरवून बसलेलो असतो. आतल्या माणसांत कितीही न्यायाने वाटलं तरी डबा कुणी भरला हा प्रश्न शिल्लक राहतो.

इथे कांट थेट लागू पडतो. आपण ज्या नियमाने वागतोय तो सगळ्यांचा नियम व्हावा असं आपल्याला म्हणता येईल का? सगळ्यांनी मोटर लावली तर मोटरचा फायदाच उरत नाही, तो फायदा कुणीतरी लावत नाही किंवा लावू शकत नाही म्हणूनच मिळतो. वस्तीतल्या लोकांकडे मोटर घ्यायला पैसे नाहीत, आपला फायदा सरळ त्यावर उभा. कांटचं हे तत्त्व मी इतक्या वर्षांत अनेक उदाहरणांनी शिकवलंय, खोटं वचन, कर्ज वगैरे, पण सोलापुरात पाण्याच्या मोटरइतकं चपखल उदाहरण मला दुसरं मिळालं नाही.

तिसरी मिटिंग मोटरवर झाली आणि ती सगळ्यात कडवट. एकजण म्हणाले, "अहो पोटापाण्याचा प्रश्न आला की नियम बाजूला ठेवावा लागतो. आपल्या दामाजीपंतांनी काय केलं?" सोलापूर जिल्ह्यात हा दाखला कुणाला सांगावा लागत नाही. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं हुकूम नसताना उपाशी लोकांना खुली केली, ही कथा इथल्या पोरासोरांना माहिती आहे.

उत्तर बाईंनी दिलं, त्या मंगळवेढ्याच्याच. बसूनच म्हणाल्या, "दामाजींनी कोठार लोकांसाठी उघडलं. स्वतःच्या वाड्यात पोती नाही नेली. आणि बादशहापुढे मान द्यायची तयारी ठेवली होती. आपण मोटर रात्री लपवून लावतो, आणि तोट्यात कोण, तर ती मावशी."

यात नीतिशास्त्राचा अख्खा धडा आहे. बाहेरून दोन्ही कृती सारख्या दिसतात, नियम मोडला, गरजेपोटी मोडला. फरक दोन ठिकाणी, कुणासाठी मोडला आणि किंमत कुणी भरली. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात पाश्चात्त्य सुखवादावर जो आक्षेप घेतलाय तो पण याच अंगाने जातो, नुसता बाहेरचा परिणाम तोलून भागत नाही, करणाऱ्याची बुद्धी काय होती ते बघावं लागतं.

पण काकांची खरी अडचण वेगळीच होती, आणि ती खोटी म्हणता येत नाही. आपण एकट्याने मोटर बंद केली तर उरलेल्या पाच बिल्डिंगी ते पाणी ओढतील, वस्तीला थेंब जाणार नाही आणि आपली १२८ माणसं मात्र तहानलेली राहतील. कांटच्या मते तरी बंद करा. परिणाम बघणारा म्हणेल, कुणाचंच भलं होत नाही तर उपयोग काय? आणि काका स्वतःच्या घरापुरता निर्णय घेत नव्हते, बाकी ३१ घरांची जबाबदारी त्यांच्यावर होती, स्वतःचा उपास आणि दुसऱ्याला उपास घडवणं यात फरक आहे.

काय केलं

तीन रस्ते होते. एकट्याने बंद करणं, पालिकेला सगळ्या गल्लीची तक्रार करणं, किंवा बाकी बिल्डिंगींशी बोलणं. काकांनी तिसरा धरला. मावशींना आणि वस्तीतल्या अजून दोघांना बरोबर घेऊन ते बिल्डिंग-बिल्डिंग फिरले. मागणी छोटी ठेवली, सप्लाय सुरू झाल्यावर पहिला एक तास कुणी मोटर लावायची नाही. पूर्ण बंद म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या सोसायटीत आधी लागू केलं, मग दुसऱ्यांना सांगितलं. सहापैकी चार बिल्डिंगींनी मान्य केलं, दोघांनी तोंडावर नाही म्हटलं.

सोसायटीचं पाणी ३० हजारवरून २६ हजारांवर आलं. मग माणशी ४० परवडेना, ३५ वर आणलं, आणि आठवड्याला एक टँकर सगळ्यांच्या वर्गणीतून. वर्गणी माणशी की घरटी यावर परत वाद, शेवटी घरटी.

भाकरीवाल्या वहिनींचं असं झालं की त्यांना घराचं पाणी इतरांसारखंच माणशी, आणि धंद्याला लागणारं पाणी त्यांनी जारने विकत घ्यायचं. त्यांनी कबूल केलं, दुसरं काय करणार.

पुढे काय झालं

एप्रिल शेवट ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत हे चाललं. चौथ्या मजल्याला पहिल्यांदा नीट पाणी मिळालं, कारण व्हॉल्व्ह सोडल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त वरच्यांनी नळ उघडायचे असं ठरलं होतं आणि बहुतेकांनी ते पाळलं. एका मालकाने दोन महिने मेंटेनन्स दिला नाही. माणसं वाढवून सांगितल्याचं एकच प्रकरण निघालं, ते शेजाऱ्यांनीच मिटवलं.

वस्तीत नळाला पाणी आलं, पण दर सप्लायला नाही. ज्या दिवशी त्या दोन बिल्डिंगी पहिल्या मिनिटाला मोटर लावायच्या त्या दिवशी परत हवाच. मावशींच्या शब्दांत, "चार पाळ्यांत दोन पाळ्या मिळाल्या."

वहिनींचा नफा जारच्या पाण्यात गेला. मदतीच्या दोघींपैकी एकीला मेमध्ये थांबवावं लागलं. ही गोष्ट कुठल्याच मिटिंगच्या वहीत नाही.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला, ऑगस्टमध्ये उजनी भरलं. आणि पहिला तास मोटर नाही हा करार जुलैतच मोडला. कुणी ठरवून मोडला नाही, आता पाणी आहे की, म्हणून एकाने लावली, मग सगळ्यांनी. काकांच्या सोसायटीने जरा जास्त टिकवलं, मग तिथे पण सुटलं.

वेगळं काय करता आलं असतं

भाडेकरूंना पहिल्याच मिटिंगला बोलवायला पाहिजे होतं, त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

वहिनींच्या बाबतीत मला अजूनही वाटतं की सोसायटीने स्वस्तात सोडवणूक करून घेतली. टँकर सगळ्यांच्या वर्गणीतून आला, त्यातलं पाणी सगळ्यांनी वापरलं, मग एका घराच्या पोटाचं साधन तेवढं वैयक्तिक आणि बाकी सगळं सामायिक, हे कशाच्या आधारावर? त्या ८८० लिटरच्या शिलकीतून महिनाभर रोज ५० लिटर त्यांना देता आलं असतं, किंवा भाकरीच्या किमतीत दोन रुपये वाढवून सोसायटीतल्याच घरांनी त्या घेतल्या असत्या. यावर वर्गात मुलं दोन गटात भांडतात, काहींचं म्हणणं घर आणि धंदा वेगळा ठेवलाच पाहिजे, नाहीतर उद्या कुणीही काहीही सुरू करेल. मुद्दा बिनबुडाचा नाही. पण मग तो नियम त्याच सोसायटीत घरून क्लिनिक चालवणाऱ्या डॉक्टरांना का लावला नाही, त्यांच्याकडे पण दिवसभर पेशंट यायचे, वॉशबेसिन वापरायचे. त्यांचं नाव कुणी घेतलंच नाही.

तक्रारीचं काय? काकांनी तक्रार केली नाही कारण स्वतःची मोटर होती आणि गल्लीत वैर नको होतं. हे समजू शकते. तरीही माझं मत असं की जून-जुलैमध्ये, पाणी आल्यावर, राग निवळल्यावर, सहा बिल्डिंगी आणि वस्ती मिळून पालिकेला एक अर्ज द्यायला पाहिजे होता. आमच्या लाइनच्या टोकाला आधी पाणी सोडा, टोकाला वेगळा व्हॉल्व्ह बसवा, आणि मग मोटारींवर कारवाई करा, आमच्यासकट. टंचाईत केलेला समजूतदारपणा पाऊस पडला की विरून जातो, व्हॉल्व्ह राहतो. काकांना मी हे बोलले. ते म्हणाले, अर्जावर पहिली सही वस्तीची पाहिजे, नाहीतर परत आमचीच सोसायटी पुढे. अर्जाचा मसुदा त्यांच्या मुलीने केलाय, वस्तीतल्या सतरा घरांच्या सह्या झाल्यात, बिल्डिंगींच्या अजून दोनच. नाही म्हणणाऱ्या त्या दोन बिल्डिंगींपैकी एकीच्या चेअरमननी वाचायला मागून घेतलाय, परत दिलेला नाही.